तळ्याकाठी तळ

डोंगरातल्या तळ्याजवळ रात्रीचा मुक्काम करायचा झाला, तर तंबू कुठे ठोकावा? प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा आहे. जमीन सपाट हवी, वारा अडवणारी एखादी टेकडी हवी, पाणी फार लांब नको आणि सकाळी पुढच्या वाटेला लागणं सोयीचं हवं, झालं! दिवाळी अंकात लेख लिहावा असं त्यात काय आहे, असं कुणीही विचारील. पण गेली काही वर्षं सह्याद्रीत आणि हिमालयात घरच्या मुलांना घेऊन हिंडताना माझ्या ध्यानात आलं, की तंबूची जागा निवडताना माणूस नकळत एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो. एखादी सुंदर गोष्ट मला मनापासून आवडते, एवढ्यावरून तिच्यावर माझा किती अधिकार पोचतो?

हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पितीमध्ये, कुंझुम खिंडीजवळ चंद्रताल आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २००५ साली त्याचा समावेश झाला. या तळ्याच्या काठावर तंबू लावायला मनाई आहे. पर्यटकांचे तंबू असतात ते दोन-तीन किलोमीटर अलीकडे. तळ्यापर्यंत चालत जायचं, काठाकाठाने हिंडायचं, डोळे भरून पाहायचं आणि अंधार पडायच्या आत माघारी यायचं. आम्ही गेलो तेव्हा माझ्या भाच्याला हा नियम फार जाचला. म्हणाला, "मामा, इतक्या लांब यायचं आणि पाण्यात उतरलेल्या चांदण्या न बघता परतायचं? आपण पाच माणसं. कचरा करणार नाही, आवाज करणार नाही. आपल्या एका तंबूनं तळ्याचं काय बिघडणार आहे?"

मुलगा विचारी आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. अशा वेळी वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक ठरलेलं उत्तर असतं: "सगळ्यांनीच तसं केलं तर?" जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यानेही साधारण हीच कसोटी सांगितली होती. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा नियम व्हावा, असं आपल्याला म्हणता येईल का, हे तपासून पाहावं. पण तरुण माणूस त्यावर लगेच म्हणतो, सगळे कुठे करताहेत? बाकीचे नियम पाळताहेत, म्हणून तर माझ्या एकट्याने काही बिघडत नाही! मग ग्रीकांचं ते ढिगाऱ्याचं जुनं कोडं पुढ्यात येतं. एका दाण्याचा ढीग होत नाही, आणखी एक टाकला तरी होत नाही. मग ढीग होतो तो नेमका कितव्या दाण्याने? तसंच इथेही. दोनशे तंबूंनी कुरणाची माती होते हे सर्वांना मान्य, पण त्यांतला दोषी तंबू कितवा? प्रत्येकाच्या वाट्याला दोषाचा कणच येतो, आणि कणाचं ओझं कुणाला वाटत नाही.

या कोड्यातली एक चुकीची समजूत मला उमगली, ती तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात नव्हे, तर जमिनीवर बसून गवत आणि माती मोजणाऱ्यांच्या कामात. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक डेव्हिड कोल यांनी ऑरेगन राज्यातल्या ईगल कॅप या रानात, डोंगरी तळ्यांच्या परिसरातल्या मुक्कामाच्या जागा तपासल्या. त्यांचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. ज्या जागी वर्षाकाठी मोजकेच मुक्काम होतात आणि ज्या जागी सतत होतात, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात फरक पुष्कळच कमी निघाला. म्हणजे नासाडीचा मोठा हिस्सा पहिल्या थोड्या वापरातच होऊन जातो. नाजूक गवत तुडवलं जातं, माती दाबून घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. त्यानंतर आणखी तंबू आले, तरी बिघडायला फारसं काही शिल्लकच नसतं.

याचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. अस्पर्श जागेवरचा पहिला तंबू हा ढिगाऱ्यातला निरुपद्रवी दाणा नाही. त्यानेच सर्वांत जास्त नुकसान केलेलं असतं. आपल्याला ओढ असते ती नेमकी अशाच जागेची, जिथे आधी कुणी राहिलं नाही. आपल्या प्रेमाची धाव जिथे असते, तिथेच आपलं पाऊल सर्वांत घातक ठरतं. उलट, जी जागा आधीच झिजलेली आहे, जिथे गवत उरलेलं नाही, चुलीचे दगड काळे पडले आहेत, ती दिसायला ओकीबोकी असली तरी मुक्कामाला तीच योग्य. तिचं जे व्हायचं ते होऊन चुकलं आहे. आपल्या येण्याने त्यात फार भर पडत नाही.

जाणकार गिर्यारोहक पाण्यापासून निदान दोनशे फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तरएक पावलं, दूर राहायला सांगतात. त्याला कारणं आहेत. रात्री जनावरं पाण्यावर येतात, ती माणसाच्या चाहुलीने बुजतात. काठाची ओलसर जमीन लवकर फाटते. त्या थंडीत विष्ठा कुजायला फार काळ लागतो, आणि काठावरची घाण पावसाबरोबर पाण्यात उतरते. शिवाय थंड हवा जड असल्यामुळे रात्री उतारावरून वाहत येऊन तळ्याच्या खोलगटात साचते. त्यामुळे थोड्या उंचवट्यावरचा तंबू अधिक उबदार आणि कोरडा राहतो. इथे नीती आणि सोय यांचं भांडण नाही, पण नेहमीच असं घडतं असं नाही.

भांडण उभं राहतं ते पोटाच्या प्रश्नापाशी. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये आली, बेदनी यांसारख्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित केली. कुरणांची अवस्था पाहता आदेश समजण्यासारखा होता. पण खेचरवाले, वाटाडे, स्वयंपाकी यांच्या पोटावर त्यामुळे पाय आला, ही त्यांची तक्रारही खोटी नव्हती. शहरातला माणूस एका वर्षाची सहल सोडतो. डोंगरातला माणूस वर्षाची कमाई सोडतो. दोघांच्या त्यागाला एकाच तागडीत घालणं मला न्यायाचं वाटत नाही. मेंढ्या घेऊन उन्हाळ्यात वर येणारा गद्दी मेंढपाळ आणि मी, आम्ही दोघेही त्या कुरणात परकेच दिसू. पण त्याचा मुक्काम गरजेचा आणि माझा हौसेचा. म्हणून मागे सरायचं झालं, तर आधी हौसेने सरावं. चंद्रतालची व्यवस्था मला त्या दृष्टीने शहाणपणाची वाटते. तंबूवाल्याचा धंदा बंद केला नाही, फक्त काठावरून दूर नेला. पाहुण्याची थोडी पायपीट वाढली, एवढंच.

आपल्या सीमाभागातल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. तळ्याला आपण मराठीत तळं म्हणतो, शेजारी कन्नडमध्ये केरे म्हणतो, आणि पाणी दोघांनाही त्याच तळ्याचं लागतं. प्यायच्या पाण्याच्या घाटावर कुणी म्हशी धुवायला लागलं, तर दोन्ही भाषांत शिव्या ऐकाव्या लागतात! पाणी सगळ्यांचं म्हणजे कुणा एकाचं नव्हे, हे भान शाळेत शिकवावं लागत नव्हतं. डोंगरातल्या तळ्यापाशी गेल्यावर मात्र आपण ते विसरतो, कारण तिथे आपल्याला ओळखणारं आणि हटकणारं कुणी नसतं. अशा वेळी काठ सोडून सत्तर पावलं मागे सरायला लावणारा माणूस आपल्या आतच असावा लागतो. तो असेल, तर झिजलेल्या जमिनीवर तळ पडतो आणि तळं मागून येणाऱ्यांसाठी जसंच्या तसं राहतं.