पापुद्र्यावरचं पाऊल

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. मागे लाल खडकाची कमान, पुढे मी, गॉगल लावून हसतोय. फोटोत बूट दिसत नाहीत, ते बरंच आहे.

अमेरिकेतल्या युटा राज्यातलं आर्चेस राष्ट्रीय उद्यान. इथे वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात, त्यातली बरीचशी त्या दिवशी माझ्या फ्रेममध्ये होती. म्हणून पायवाट सोडून थोडा आत शिरलो. काळपट, खडबडीत जमीन पायाखाली पापडासारखी करकरली. मला वाटलं, मातीच तर आहे.

ती नुसती माती नव्हती. शाळेत ‘निळं-हिरवं शेवाळ’ म्हणून शिकतो ते सायनोबॅक्टेरिया, त्यांच्या जोडीला मॉस आणि आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद, अशा सगळ्यांनी मिळून विणलेला तो जिवंत पापुद्रा होता. जगातल्या जमिनीच्या सुमारे 12 टक्के भागावर असे पापुद्रे आहेत. युटात विणकामाचा मुख्य कारागीर मायक्रोकोलियस व्हजायनाटस. त्याचे केसाहून बारीक तंतू एका चिकट खोळीत राहतात. पाऊस पडला की ते वर सरकतात, वाळलं की थांबतात, आणि मागे उरलेली खोळ वाळूचे कण धरून ठेवते. म्हणून तिथली जमीन वाऱ्याबरोबर उडून जात नाही. वरच्या थरात नॉस्टॉक आणि सायटोनेमा. त्यांच्याकडे उन्हापासून वाचवणारं गडद रंगद्रव्य असतं, म्हणून जुना पापुद्रा काळा दिसतो. शिवाय ते हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. त्यावर आजूबाजूची झुडपं जगतात.

तर मी नेमकं कोणाचं वाईट केलं? तंतूंना वेदना होत नाहीत. माझ्यावर कोणी रागावलेलं नाही. ‘दुखावलं कोण?’ विचारून चूक ठरवायची आपल्याला सवय आहे, आणि इथे बोट दाखवायला कोणी सापडत नाही.

डेरेक पारफिट या तत्त्वज्ञानं 1984च्या पुस्तकात एक कल्पना मांडली होती. हजार छळ करणारे, प्रत्येकजण यंत्राची कळ इतकी किंचित फिरवतो की त्या एकट्यामुळे कोणाला काही जाणवू नये. मग दोषी कोण? एरवी मी त्या गर्दीत सहज लपलो असतो. पण वाळवंटात ती सोयही नाही. तिथे माझं एकट्याचं पाऊल वर्षानुवर्षं दिसत राहतं.

आणि ते पुसलं गेलं तरी काय? तुडवलेल्या जागी पहिल्यांदा परततो तो मायक्रोकोलियस, कारण तो सरकू शकतो. काही वर्षांत वरवर सगळं ठीक दिसतं, फक्त रंग फिका. नॉस्टॉक, सायटोनेमा, दगडफुलं यांना यायला कितीतरी जास्त काळ लागतो, कधी दशकं. जागा भरणं वेगळं आणि भरून येणं वेगळं, हे मराठीला ठाऊक आहे. आपण मात्र झाड तोडून रोप लावतो आणि हिशेब मिटला म्हणतो. (मीही ऑफिसच्या वृक्षारोपणात सेल्फी काढलाय.)

2013मध्ये फेरान गार्सिया-पिचेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, गरम वाळवंटांत व्हजायनाटसऐवजी मायक्रोकोलियस स्टीनस्ट्रुपी हा दुसरा कारागीर जास्त आढळतो. तापमान वाढलं तर युटातही कदाचित तोच येईल. विणकाम चालू राहील, असं म्हणून सुटता येईल का? मला नाही वाटत. कोण गेलं हे न पाहता ‘काम चाललंय ना’ म्हणणं, ही मालकाची भाषा झाली.

माझी आजी सकाळी उठल्यावर जमिनीला हात लावून कपाळाला लावायची, मगच पाय टेकवायची. मला ते गंमतशीर वाटायचं.

फोटो काढून झाल्यावर पायवाटेवरून एक अनोळखी बाई ओरडल्या, तिथेच थांब. मग शांतपणे म्हणाल्या, आलास त्याच ठशांवर पाय ठेवत परत ये, नवीन करू नकोस. मी वळलो आणि खाली बघत बघत निघालो. अठरा होते.