गाढवाची तहान आणि पेंग्विनचा गारवा

दांडी-बोईसरकडची कुटुंबे सुट्टीत डहाणू लोकलने दादर आणि तिथून भायखळा गाठतात, ती मुलांना राणीची बाग हे प्राणिसंग्रहालय दाखवायला. तिथले मोठे आकर्षण म्हणजे पेंग्विन. २०१६ च्या जुलैत, मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या जातीचे आठ हम्बोल्ट पेंग्विन सोलहून आणले गेले, त्यांच्यासाठी गार कक्ष बांधला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांतला एक दगावला. २०१७ मध्ये पाच रुपयांचे तिकीट पन्नास झाले. आईवडील आणि दोन मुलांना मिळून शंभर. तरी गर्दी होतेच.

मग हा पैसा कशावर खर्चावा: प्राण्यांच्या आणखी जाती आणाव्यात की पाणपोई, सावली, स्वच्छतागृहे वाढवावीत? पहाटे घर सोडून आलेल्या आईला या सोयी हव्यातच. पण या हिशेबात दोन्ही बाजूंना माणूसच बसला आहे. प्राण्याला विचारले कोणी?

संत एकनाथांची कथा इथे आठवते. रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीतून आणलेली गंगा त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. सोबतचे यात्रेकरू हळहळले. नाथांच्या लेखी मात्र देवाला अभिषेक तिथेच घडला होता. भूतदया मानणाऱ्या समाजाने प्राणिसंग्रहालयालाही हीच कसोटी लावायला हवी. आधी त्या जिवाची गरज, मग आपले कुतूहल.

कायदा थोडाफार त्या दिशेने सरकला आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये आले. प्राणिसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचा नियम झाला, म्हणून राणीची बाग बुधवारी बंद असते. २००९ मध्ये प्राधिकरणाने हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवायला सांगितले, कारण त्यांना लागते तेवढे मोकळे रान तिथे नसते. लोकांच्या आवडत्या प्राण्याबद्दल हा निर्णय झाला, हे विशेष.

पालघरच्या किनाऱ्यावर वेगळा धडा मिळतो. डहाणूच्या शुश्रूषा केंद्रात जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात, ती बरी झाली की समुद्रात सोडली जातात. २०१८ पासून राज्य सरकार संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देते. जाळे हे त्याचे पोट. तरी तो ते कापतो.

तेव्हा राणीच्या बागेने नवी परदेशी जात आणण्याआधी आहेत त्या प्राण्यांना ऐसपैस जागा द्यावी, आणि उरलेल्या पैशांतून पाणपोया बांधाव्यात. जाती कमी झाल्या तरी चालेल.