बारा टेबले आणि अनोळखी धनको



इशाच्या नमाजनंतर मशिदीत मागे थांबणारी माणसे थोडी असतात. कोणाला तलाकचा मसला विचारायचा असतो, कोणाला वारसाहक्काचा. कोणी नुसताच पंख्याखाली बसून राहतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक तरुण थांबला. अभियांत्रिकी शिकलेला, घरी वृद्ध आई, पाच वेळचा नमाजी. त्याने विचारले, "मौलाना, ज्या जुगारात नशीब उरलेलेच नाही, त्याला जुगार म्हणायचे का?"

मी त्याला सूरह माइदाच्या ९० व ९१ या आयतींची आठवण दिली. "आयती मला पाठ आहेत," तो म्हणाला, सलाम केला आणि निघून गेला. माझे उत्तर चूक नव्हते. पण त्याचा प्रश्न मी ऐकलाच नव्हता. उत्तर आधीच तयार असलेल्या माणसाची ही खोड असते, आणि मदरशात आयुष्याची कोवळी वर्षे काढलेल्या आम्हा लोकांना ती जरा अधिकच जडते.

तो पुन्हा आला तेव्हा परिस्थिती बदलली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि पैशांचे पोकर खेळवणारी भारतीय ॲप्स बंद पडली. "आता मी खेळत नाही," तो म्हणाला, "पण जे मिळवले ते माझे आहे की नाही, एवढे सांगा. आणि या वेळी आधी ऐकून घ्या."

मी ऐकले. त्याला तीन रात्री लागल्या. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते झाकून मिळतात, मध्यभागी पाच पत्ते सर्वांसाठी उघडे होतात. टप्प्याटप्प्याने पैसे लावायचे, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. मधोमध साठलेली रक्कम एकाच्या हाती जाते आणि त्यातून थोडा वाटा खेळवणारी कंपनी कापून घेते. समोरासमोर बसून खेळले तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. पडद्यावर पत्ते पिसावे लागत नाहीत, त्यामुळे एका टेबलावर साठ-सत्तर डाव सहज होतात. आणि पडद्यावर माणूस एकाच टेबलाला बांधलेला नसतो. हा तरुण एकाच वेळी बारा टेबलांवर बसे.

बारा का, असे मी विचारले, तेव्हा त्याने जे सांगितले त्याचा प्रतिवाद मला त्या रात्री सुचला नाही. एका डावात नशीब सर्वकाही असते, शंभर डावांत पुष्कळ असते, एक लाख डावांत जवळजवळ नसते. चांगले पत्ते आणि वाईट पत्ते सर्वांना सारखेच येऊन जातात आणि उरतो तो निर्णयांतला फरक. एका टेबलावर लाख डाव व्हायला वर्ष-दीड वर्ष लागेल. बारा टेबलांवर ते दोन महिन्यांत होतात. "मी नशिबावर पैसे लावत नव्हतो, मौलाना. मी नशीब झिजवून संपवत होतो. मला धाकधूकही होत नसे. आठ-आठ तास पाठ मोडेपर्यंत बसायचो. मैसिर हा शब्द युस्रवरून आला, म्हणजे सहज मिळालेले. असे तुम्हीच जुम्याच्या बयानात सांगितले होते. माझे सहज कुठे होते?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. जानेवारी २०१२ मध्ये रँडी ल्यू या अमेरिकन खेळाडूने कित्येक टेबलांवर एकाच वेळी खेळून आठ तासांत २३,४९३ डाव पुरे केले आणि गिनीज विश्वविक्रम नोंदवला. म्हणजे सरासरी सव्वा सेकंदाला एक डाव. विक्रमासाठी शेवटी नफ्यात असणे आवश्यक होते. त्याचा नफा झाला ७ डॉलर ६५ सेंट. ही रक्कम वाचून हसू येते. पण याला आरामाची कमाई कोण म्हणेल? मिलच्या मागावर उभा राहणारा कामगारही यापेक्षा अधिक वेळा मान वर करत असेल.

तेव्हा प्रश्न असा उरतो: नशीब वजा केले, चैन वजा केली, उन्माद वजा केला, मग हराम ठरायला शिल्लक काय राहते?

आपल्याकडचा जुना कायदा इथेच अडकला होता. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले. पोकरवाल्या कंपन्या त्याच वाटेने आल्या. २०२५ च्या कायद्याने मात्र कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला आणि पैसे लावले जातात की नाही एवढेच पाहिले. फिक्हच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. बुद्धिबळाचे उदाहरण घ्या. त्यात फासा नाही, झाकलेला पत्ता नाही, नशिबाला कुठे शिरकाव नाही. कोकणातले आपले शाफई बांधव जाणतात की इमाम शाफईंच्या मते पैज नसलेले बुद्धिबळ मकरूह आहे, हराम नाही. हनफी मत त्याहून कडक आहे. पण दोन्ही खेळाडूंनी पैसे लावले की ते किमार, जुगार, होते, यावर सर्वांचे एकमत आहे. म्हणजे आपल्या फकिहांचा काटा नशिबावर कधी नव्हताच. तो होता या गोष्टीवर, की एकाचे मिळणे हेच दुसऱ्याचे गमावणे आहे आणि मधल्या देवघेवीत गमावणाऱ्याच्या हातात काहीही पडत नाही.

युस्रचा अर्थही मला त्या रात्रींनंतर उलगडला. तो शब्द घाम मोजत नाही. भाजीवाली चार वाजता उठते म्हणून तिची कमाई हलाल नाही. तिने पैसे घेतले आणि मेथीची जुडी दिली, म्हणून हलाल आहे. मोबदल्यात काही न देता घेणे, ही ती सहजता. ती घेताना पाठ मोडली तरी फरक पडत नाही.

कोणी म्हणेल, हरणाऱ्यानेही राजीखुशीने पैसे लावले होते. सूरह निसाच्या २९व्या आयतीत परस्परसंमतीचा उल्लेख आहेच. पण तो व्यापाराच्या संदर्भात आहे, आणि व्यापारात दोघांचीही संमती एकाच गोष्टीला असते. जुगारात प्रत्येकाची संमती फक्त स्वतःच्या जिंकण्याला असते. हरण्याला कोणी राजी झालेला नसतो.

इस्लामपूर्व अरबांचा मैसिर कसा होता, हे तफसीरच्या ग्रंथांत वाचण्यासारखे आहे. उंट कापून त्याचे हिस्से करत. दहा बाण असत, सातांवर हिस्से नोंदलेले, तीन रिकामे. ज्यांचे बाण रिकामे निघत त्यांनी उंटाची किंमत भरायची. आणि जिंकणारे ते मांस स्वतः खात नसत, गरिबांना वाटून टाकत; दुष्काळात असे करणे मोठेपणाचे लक्षण होते. सूरह बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगारात लोकांसाठी काही फायदेही आहेत, पण त्यांचे पाप फायद्यांहून मोठे आहे, असे सांगितले आहे. तिथे भाष्यकारांना हे मांस आठवते. कुरआनने फायदा नाकारला नाही. उपाशी माणसाच्या ताटात पडलेले मांस मान्य केले आणि तरी तो खेळ बंद केला. "जिंकलेल्यातून मी दान करीन," असे म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनी या उंटापाशी थोडे थांबावे.

आता मी त्या बारा टेबलांकडे परत येतो, कारण तिथे असे काही आहे जे त्या अरबांच्या खेळातही नव्हते.

बारा टेबलांवर खेळणारा माणसांकडे पाहत नाही. पाहू शकत नाही. प्रत्येक नावाशेजारी सॉफ्टवेअर आकडे दाखवते: हा शंभरातल्या किती डावांत उतरतो, किती वेळा चढवतो, किती वेळा माघार घेतो. आकड्यांवरून निर्णय होतो. कच्च्या खेळाडूंच्या नावाला रंग लावून ठेवता येतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते कोणत्या टेबलावर बसले आहेत हे चटकन दिसते आणि तिथेच जाऊन बसता येते. अशा खेळाडूला त्यांच्या बोलीत 'फिश' म्हणतात, मासा. आपल्या मराठीत डाव हा शब्द खेळालाही आहे आणि कपटालाही. पण समोरच्याला मासा म्हणण्याइतकी वेळ मराठीवर आली नव्हती. "माझा सगळा नफा निम्म्याहून कमी लोकांकडून आला," त्याने सांगितले. "चांगल्या खेळाडूंशी मी बरोबरीत होतो." म्हणजे ज्या कौशल्याचा तो अभिमान धरत होता, त्यातले मोठे कौशल्य दुबळा शोधण्याचे होते.

सूरह माइदाची ९१वी आयत जुगाराचे दुष्परिणाम मोजते: आपापसांत वैर आणि द्वेष, अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून अडवणूक. त्याचे म्हणणे होते की यातले काहीच त्याच्या बाबतीत घडले नाही. कोणाशी वैर नाही, कारण कोणी ओळखीचे नाही. हे ऐकून मला समाधान वाटायला हवे होते. उलट भीती वाटली. वैर धरायलाही समोर माणूस असावा लागतो. इथे माणूसच नाहीसा झाला होता. हरलेल्याचा राग मात्र नाहीसा होत नाही. तो त्याच्या घरात जातो, बायकोच्या ताटावर, मुलाच्या फीवर. जिंकणाऱ्यापर्यंत त्याचा आवाज पोहोचत नाही, एवढेच.

नमाजविषयी त्याने सांगितले की अजान झाली की तो सर्व टेबलांवरून उठे. मी विचारले, नमाजमध्ये काय होत असे? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "रुकूमध्येही पत्ते दिसायचे." मदीनेचे थोर फकीह कासिम बिन मुहम्मद यांनी म्हटले होते की जे जे अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून विचलित करते ते सर्व मैसिरच. त्यांची ही व्याख्या मला नेहमी फार रुंद वाटत आली. आता तशी वाटत नाही, आणि त्यात मला माझाही हिशेब दिसतो. मशिदीच्या कमिटीचा वाद, भाड्याची खोली, मोबाइलवर वाजलेला संदेश: मुसल्ल्यावर उभ्या असलेल्या इमामाच्या मनातही बाराहून कमी टेबले उघडी नसतात. मी पैसे लावलेले नाहीत, हाच काय तो फरक.

पण त्याचा खरा प्रश्न पैशांचा होता. सहा लाखांहून थोडी अधिक रक्कम. त्यातल्या काही पैशांतून आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, बाकीची बँकेत होती आणि त्यातून मशिदीला वुजूखाना बांधून द्यायची त्याची इच्छा होती. वुजूखान्याला मी तिथेच नकार दिला. तपशीलवार निवाड्यासाठी त्याला दारुल इफ्ताकडे पाठवले, कारण हे काम मुफ्तींचे आहे, माझे नाही. मूळ नियम मात्र साधा आहे. दुसऱ्याचा माल अनुचित मार्गाने हाती आला असेल तर तो मालकाला परत करावा. मालक सापडणे शक्यच नसेल तर सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकावा.

इथे बारा टेबलांचा अर्थ मला पुरता कळला. गल्लीत पत्ते कुटणारा ज्या दिवशी तौबा करतो, त्या दिवशी तो चार घरांच्या कड्या वाजवू शकतो. लाज वाटेल, शिव्या पडतील, पण पैसे परत जातील आणि समोरचा माफही करील. सहीह मुस्लिममध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांची दिवाळखोराबद्दलची हदीस आहे: नमाज, रोजे आणि जकात घेऊन येणारा माणूस, ज्याची सगळी पुण्याई ज्यांचे त्याने खाल्ले, ज्यांना त्याने दुखावले त्यांच्यात वाटली जाते. अल्लाहचा हक्क तौबेने माफ होतो. बंद्याचा हक्क बंद्याकडेच जाऊन फेडावा लागतो. आणि या तरुणाने, नशीब झिजवण्यासाठी म्हणून, आपले धनको इतके वाढवले होते की एकाच्याही दाराची कडी त्याला ठाऊक नव्हती.

तिसऱ्या रात्री तो लॅपटॉप घेऊन आला. डाव नोंदवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व काही साठलेले असते, हे मला माहीत नव्हते. त्याने यादी उघडली. चार हजारांहून अधिक नावे. ती खरी नावे नव्हेत, पडद्यासाठी घेतलेली. आणि प्रत्येकासमोर त्याच्याकडून गेलेली किंवा आलेली रक्कम, पैशापर्यंत. त्याने ती रकमेप्रमाणे लावली. सर्वांत वरच्या नावासमोर एकोणचाळीस हजार होते.

"हा कोण?" मी विचारले.

"माहीत नाही. रात्री दोन ते चार या वेळेतच यायचा. नेहमी एकाच टेबलावर बसायचा." थोड्या वेळाने म्हणाला, "मी त्याला हिरवा रंग लावला होता."

कंपनीला पत्र लिहिले तर पत्ता मिळेल का, याचा आम्ही विचार केला. त्याने तसे लिहिलेही. उत्तर आले नाही. बँकेतली रक्कम त्याने मुफ्तींच्या सांगण्याप्रमाणे दोन दवाखान्यांत गरीब रुग्णांच्या बिलांपोटी भरली. ऑपरेशनला खर्च झालेले पैसे तो पगारातून दर महिन्याला थोडे थोडे बाजूला काढतो. आईला यातले काही सांगितलेले नाही.

गेल्या आठवड्यात लॅपटॉप विकायचा आहे म्हणून त्याने फोन केला. यादी पुसून टाकू का, असे विचारत होता. मी म्हणालो, आधी ती कागदावर उतरवून घे. किती पाने होतील, असे त्याने विचारले. मी हिशेब केला नव्हता.