आजचे चिंतन : गच्चीवरची मेथी आणि गीतेचा तिसरा अध्याय



आजच्या वाचनात तिसऱ्या अध्यायातले १२ आणि १३ हे श्लोक होते. मिळालेलं परत न देता जो एकटाच भोगतो त्याला भगवंत चोर म्हणतात. आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात, ते पाप खातात असं सांगतात. कितीतरी वेळा म्हटलेले श्लोक. आज मात्र 'स्वतःसाठी' या शब्दापाशी अडखळले.

गेली तीन वर्षं गच्चीवर भाजी लावते आहे. मेथी, पालक, अळू, मिरच्या, दुधीचा एक वेल. ओल्या कचऱ्याचं खत तिथेच जिरतं. उन्हाळ्यात मटार आणायचे नाहीत, पावसाळ्यात द्राक्षं नाहीत, हा नेम. कोणी जेवायला आलं की मी हमखास सांगते, "विकतची नाही हं, घरची आहे!" मातीतून घेतलं ते मातीला परत दिलं, म्हणजे आपण चोर नाही, असं मनात धरून होते.

गेल्या आठवड्यात पहिला पाऊस पडला. स्टेशनबाहेर नेहमीच्या मावशी बसल्या होत्या, कसाऱ्याकडून पहिल्या गाडीने येतात त्या. पुढ्यात शेवळं, टाकळा.

"ताई, बरेच दिवसांत दिसल्या नाहीत?"

मी जरा ऐटीतच म्हटलं, "आता गच्चीवरच होते ना भाजी, विकत घ्यावी लागत नाही."

त्या हसल्या. "बरं झालं की. पण शेवळं नाय ना होत गच्चीवर?" आणि जुडीबरोबर मूठभर काकडं टाकली. "ही घाला आठवणीनं, नायतर घसा खाजंल."

पैसे देऊन निघाले, पण त्यांचं 'बरं झालं की' डोक्यातून जाईना. माझी भाजी घरची झाली, त्यात मावशींच्या घरची चूल कुठे गेली? कोणत्या पावसाला कोणती भाजी उगवते, कशाचा घसा खवखवतो, त्यावर काय घालायचं, हे सगळं त्यांच्याकडे आहे. मी 'जवळचं खा' म्हणत होते, आणि जवळच्या माणसालाच वगळलं होतं.

१४ व्या श्लोकात अन्न, पाऊस, यज्ञ असं चक्र सांगितलं आहे. मला वाटतं, त्या चक्रात माणसंही आली. अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच विठोबा भेटला असं आपण म्हणतो. पण माळ्याचा मळा कधी फक्त त्याच्या ताटापुरता नसतो. मी माझा मळा ताटापुरता केला, वर त्याचा अभिमान धरला. विकतच्या भाजीवर फवारा असतो म्हणून मी नाक मुरडते. अहंकाराचा फवारा मात्र घरच्या मेथीवरही बसतो.

मग गच्ची बंद करायची का? नाही. पण जास्तीची मेथी फ्रीजमध्ये कोंबण्याआधी शेजारच्या आजींकडे जाईल. आणि पावसाचे हे थोडे आठवडे रानभाजी मावशींकडूनच, घासाघीस न करता. याला यज्ञ म्हणण्याचं धाडस नाही माझं. चोरी थोडी कमी होईल, इतकंच.

काल शेवळं केली, काकडं घालून. नैवेद्य दाखवताना 'घरची' हा शब्द तोंडात आला, तो गिळला.

पांडुरंगा, ताटात जे येतं त्यामागचे हात दिसू देत.

रामकृष्ण हरि 🙏