आजारीपण हा अपराध आहे काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या तालुक्यांतील वाड्यातांड्यांवर पुष्कळ घरांस कुलुपे लागतात. माणसे ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यावयाची व टनाच्या भावाने ती फेडावयाची, हा व्यवहार आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु त्यातील खाड्याचा विचार आपण पुरता केला नाही, असे आम्हांस वाटते.

दोघांपैकी एकास ताप आला व ते फडात गेले नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच. शिवाय पुष्कळ ठिकाणी दंड लागतो, आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. काम नाही म्हणून दाम नाही, या म्हणण्यास व्यवहाराचा काही आधार तरी आहे. दंड मात्र अपराधालाच असतो. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढताना पाय निसटला, यात त्या मनुष्याने कोणाचे काय चोरिले? 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा बोभाटा होऊन सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. दुखण्यापायी खाडा पडतो, ही धास्ती त्यांपैकी पुष्कळ स्त्रियांनी बोलून दाखविली होती.

मुंबईत 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे 5,500 गिरणी कामगारांच्या सह्यांचे मागणे सरकारपुढे ठेविले. त्यातील रविवारच्या सुटीची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. ती 1890 साली मिळाली. पण कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, व जन्माचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज करावी, हेही त्याच कागदात होते. 1948 च्या कायद्याने निघालेल्या राज्य विमा योजनेत विमेदार कामगारास आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत मजुरीचा 70 टक्के भाग मिळतो. फडातला तोडकरी मुकादमाचा माणूस; त्याचे नाव त्या पटावर नाही.

मुकादमास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्याच्याही डोक्यावर उचल असते, आणि एक कोयता बसला की त्याच्या पोटात गोळा येतो. आणि आपण? आपल्या मंडळ्यांत ज्यांस चार एकर जमीन आहे तेही पाडव्यास सालगडी ठेवितात व त्याचे खाडे बिनचूक मोजितात. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, भांडणात मार लागून अंथरुणास खिळलेल्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई मारणाऱ्याने करावी, असा नियम आहे. बुडालेला दिवस तेथे दुखणाइताच्या नावे मांडिलेला नाही. तेथे मारणारा उघड होता, येथे ताप कोणी आणिला हे कोण सांगणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु ज्याच्या रानात ते शरीर झिजले, त्याच्याकडे त्या झिजेचा काहीच वाटा जात नाही काय?

लोहा तालुक्यातील आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने गड्याशी बोली करतानाच दुखण्याचे पंधरा दिवस पगारी कबूल केले. शेजारी त्यास हसले. म्हणाले, आता गडी पंधरा दिवस निजूनच राहील. त्या साली गड्यास नऊ दिवस लागले.