घरचें शिक्षण आणि त्याची साक्ष

आपल्या अपत्यास शाळेंत न धाडतां घरींच शिकविण्याचा मातापित्यांस अधिकार आहे काय, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत पुनःपुन्हां निघतो. कायद्याचें उत्तर अर्धवट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें दहावें कलम ६ ते १४ वर्षांच्या मुलास नजीकच्या शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य ठरवितें. परंतु तें न पाळल्यास पालकाला त्या कायद्यांत दंड नाहीं, आणि घरच्या अध्यापनाची नोंदणी किंवा दप्तर ह्यांविषयीं तो अवाक्षरही काढीत नाहीं. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत शिक्षण सक्तीचें केलें, तेव्हां मात्र मूल शाळेंत न पाठविणाऱ्यास दरमहा एक रुपया दंड होता.

आतां शिरूर तालुक्यांतील निमोणें गांवाकडे पहा. ह्या ऊसकरी मुलखांत तोडणीच्या हंगामांत परगांवच्या टोळ्या उतरतात. कोपीवर धाकटें भावंड सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी आणि पुण्यांत आईजवळ भूमिति शिकणारी तिच्याच वयाची मुलगी, ह्या दोघींचेही पालक एकच वाक्य बोलूं शकतील : 'मूल घरींच शिकतें.' दारांत उभ्या असलेल्या अधिकाऱ्यानें दोन्ही घरांतला भेद ओळखावा कसा?

तो दाखविणारी वस्तु म्हणजे लेखी नोंद. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीं आपल्या राज्यांत शिक्षण हमी कार्ड निघालें, तें मूल कोठवर शिकलें हें पुढच्या गुरुजींस कळावें म्हणूनच. मजुराच्या मुलीस जो कागद हितकर, तो सुखवस्तूच्या मुलीस अपमानकारक कां वाटावा?

वही भरल्यानें विद्या येत नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. हजेरीपटावर नांव असूनही कोरीं राहणारीं मुलें आपण पाहतोंच. परंतु नोंद ही विद्येची जननी नव्हे, ती साक्षीदार आहे. उद्यां मुलासच शाळा हवीशी वाटली, तर चवथें कलम त्यास वयानुरूप वर्गांत प्रवेश देतें. पण त्याला काय येतें आणि काय राहिलें, हें ती वहीच सांगेल.

अज्ञान वारसाची मिळकत सांभाळण्यास कोर्टानें नेमलेला पालक कितीही सचोटीचा असो, त्यास हिशेब द्यावाच लागतो. मुलाचीं आठ वर्षें ही त्याहून मोलाची मिळकत आहे. तारीखवार टांचण, वाचलेलीं पुस्तकें, चुकांसकट सोडविलेलीं गणितें, एवढें पुरे. हा हिशेब कायदा मागत नसला तरी मूल मोठें झाल्यावर मागूं शकतें. आणि तें खरें सावकार आहे.