आघात माणसाला घडवतो का?

घरातील कर्ता माणूस अचानक जातो. वर्षानुवर्षांची नोकरी सुटते. जिवाभावाचे नाते तुटते. अशा वेळी भेटायला येणारे एक वाक्य हमखास बोलतात, "यातूनच काहीतरी चांगले घडेल." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या ते अनेकदा जिव्हारी लागते. म्हणून हा प्रश्न आपण एकदा शांतपणे स्वतःला विचारायला हवा. आघात खरोखरच माणसाला घडवतो का?

या प्रश्नासाठी क्षणभर आकाशाकडे पाहू. हस्त नक्षत्राचे नाव आपल्याला हस्ताच्या पावसामुळे परिचित आहे. चैत्र-वैशाखात रात्री या नक्षत्राच्या पाच तारका दक्षिणेकडे दिसतात. त्याच दिशेला, पण त्यांच्याही फार पलीकडे, सुमारे 6 ते 7 कोटी प्रकाशवर्षांवर दोन दीर्घिका एकमेकींत मिसळत आहेत. विल्यम हर्शल यांनी 1785 साली त्या शोधल्या. त्यांच्यातून ताऱ्यांच्या दोन लांब, वाकलेल्या शेपट्या बाहेर आल्या आहेत. त्या कीटकाच्या मिशांसारख्या दिसतात, म्हणून या जोडीला अँटेना दीर्घिका म्हणतात.

दोन दीर्घिका आदळल्या म्हणजे तारे ताऱ्यांवर आपटत असतील, असे आपल्याला वाटते. तसे जवळजवळ घडतच नाही. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा मानला, तर त्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा सुमारे 115 किलोमीटरवर येईल. एवढ्या मोकळ्या जागेत तारे एकमेकांच्या बाजूने निघून जातात. त्यांच्या वाटा बदलतात, पण ते स्वतः होते तसेच राहतात.

आदळतो तो ताऱ्यांमधला वायू. वायूचे ढग विस्तीर्ण असतात, त्यांना एकमेकांना चुकवता येत नाही. ते दाबले जातात, उष्णता बाहेर टाकून थंड होतात आणि स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसत जातात. त्यातून तारे जन्मतात, तेही गुच्छागुच्छांनी. हबल दुर्बिणीच्या 1997 साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत या जोडीत हजाराहून अधिक तरुण तारकागुच्छ दिसले.

पण टक्कर झाली म्हणून तारे जन्मले, हे अर्धेच खरे आहे. ज्यांच्यातला वायू आधीच संपला आहे अशा दीर्घिकाही एकमेकींत विलीन होतात. टक्कर तेवढीच मोठी असते, तरी नवे तारे जवळजवळ जन्मतच नाहीत. तारे होण्याजोगे जे होते ते आधीपासून होते. टक्करीने त्याला फक्त जवळ आणून दाबले.

दीर्घिकांना दुःख होत नाही, माणसाला होते. तेव्हा ही उपमा फार ताणू नये. तरीही आपल्या अनुभवाशी ती ताडून पाहा. एकाच संकटातून एक माणूस अधिक समजूतदार होऊन बाहेर येतो, दुसरा कायमचा कडवट होतो. संकट तेच असते. आधी कोणी त्यांना जीव लावला होता का, मन मोकळे करायला जागा होती का, आपले मत बदलण्याची तयारी उरली होती का, यावर बरेच अवलंबून असते. आणि ज्याचा हा साठा गरिबीने, आजारपणाने किंवा वर्षानुवर्षांच्या छळाने संपवला आहे, त्याला "तुम्ही यातून काही शिकला नाहीत" असे म्हणणे हा अन्याय आहे. त्याला उपदेशाआधी सोबत हवी, दोन वेळचे जेवण हवे, निवांत झोप हवी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या दोन दीर्घिका जिथे एकमेकींवर आल्या आहेत, तिथे धूळ इतकी दाट आहे की साध्या प्रकाशात तो भाग काळवंडलेला दिसतो. अवरक्त किरणांतून पाहिल्यावर कळले की ताऱ्यांचा सर्वांत जोरदार जन्म तिथेच चालू आहे. दुःखात असलेल्या माणसाबद्दल बाहेरून निर्णय देण्याची घाई आपण का करावी?

जन्मलेले गुच्छही सगळे टिकत नाहीत. त्यांतील मोठ्या ताऱ्यांचा प्रखर प्रकाश आणि वारे उरलेला वायू उडवून लावतात, गुच्छाची पकड सैल होते आणि तारे पांगतात. दहापैकी साधारण एकच गुच्छ 1 कोटी वर्षे पाहतो, असा खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पांगलेले तारे मात्र विझत नाहीत. ते दीर्घिकेत मिसळून तळपत राहतात. आपला सूर्यही बहुधा अशाच एका गुच्छात जन्मला आणि आज त्याची भावंडे कुठे आहेत हे सांगणे कठीण आहे. दुःखाच्या भरात केलेले आपले बहुतेक संकल्पही असेच विरतात. त्याची खंत करत बसू नये. त्यातला थोडासा प्रकाश आपल्या रोजच्या वागण्यात मिसळला असेल, तर तो वाया गेला नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. आघात कोणालाही आपोआप घडवत नाही, म्हणून तो कोणावर लादण्याचे किंवा त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आघात कधी येईल हे आपल्या हातात नाही. तो येण्याआधी स्वतःत आणि आपल्या माणसांत काय साठवायचे, हे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे. आज रात्री निजण्यापूर्वी एवढाच विचार करून पाहा. आजच्या दिवसात आपण कोणाच्या साठ्यात थोडी भर घातली, आणि कोणाचा साठा नकळत रिता केला?